गुण नकोत, सवय सांगा : तुमचा चांगला साहेब रोज काय करायचा?

गिअरबॉक्स | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

चाकणला एका कंपनीत गिअर शॉपला आहे. अकरा वर्षं त्याच लाईनवर, आधी ऑपरेटर, मग सेटर (मशीनचं सेटिंग लावून देणारा). दोन महिन्यांपूर्वी शिफ्ट इनचार्ज केलं. हाताखाली बावीस माणसं, त्यातली निम्मी अशी की त्यांच्या डब्यात आज काय असणार हे मला वासावरून कळतं.

कंपनीने दोन दिवस लोणावळ्याला ट्रेनिंगला पाठवलं. जेवण झकास होतं. पडद्यावर नेत्याचे बारा गुण दाखवले. दूरदृष्टी, सचोटी, संवादकौशल्य वगैरे. डोळे बांधून एकमेकांना खुर्च्यांमधून चालवलं. सगळं पटलं. आणि मग रात्री ११ वाजता थर्ड शिफ्टला शॉपमध्ये उभा राहिलो, तर बारातला एकही गुण कुठल्या खिशात ठेवलाय ते सापडेना.

म्हणून विचारतो. ज्या साहेबाच्या हाताखाली काम करून बरं वाटलं, तो रोज नेमकं काय करायचा? गुण नकोत, सवय सांगा. मला उद्यापासून करता येईल अशी.

कट्ट्यावरचा | सोमवार, सकाळी ९:५२

वेळेवर घरी जायचा. तो गेला की आम्हालाही जाता यायचं. एवढा एक गुण असला तर उरलेले अकरा माफ.

खतावणी | सोमवार, सकाळी ११:१५

कट्ट्यावरचा, हसू नका, मुद्दा खरा आहे. पण मी दुसरी सवय सांगते.

मी बँकेतून निवृत्त झाले. सुरुवातीची नोकरी एका तालुक्याच्या शाखेत, संगणक यायच्या आधीची. संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत कुणी जागचं हलत नसे. एका शनिवारी १८० रुपये कमी पडले. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती, आणि कॅशवर मी होते. पाच वेळा नोटा मोजल्या. हात थरथरायला लागले की शंभराची नोटसुद्धा दोनदा मोजली जाते.

मॅनेजर केबिनमधून उठून आले. मला वाटलं आता "कुणाच्या हातून झालं?" ऐकायला मिळणार. त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या, एक वही स्वतःकडे घेतली आणि म्हणाले, "१८० ला ९ ने भाग जातो. नोटा नका मोजू, आकडे उलटे झालेत का बघा." वीस मिनिटांत सापडलं. ६८० रुपयांचा भरणा वहीत ८६० असा चढला होता. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

ती नोंद कुणाच्या हातची होती हे अक्षरावरून सगळ्यांना कळत होतं. साहेबांनी ते नाव उच्चारलं नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांना एकत्र बोलावून ९ ची खूण समजावून सांगितली आणि विषय संपला. आधी चूक शोधायची, माणूस नाही. पुढे मी स्वतः शाखा सांभाळल्या तेव्हा मला हे दहातल्या सहा वेळा जमलं असेल.

वाचतोय_फक्त | सोमवार, सकाळी ११:३०

खतावणी ताई, ९ ने भाग जातो हे आत्ता कागदावर करून बघितलं. धागा वसूल.

उलटी_गिनती | सोमवार, दुपारी १:०५

या विषयावर सतीश धवनांचं उदाहरण आलंच पाहिजे. १० ऑगस्ट १९७९, एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं, रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. प्रकल्प संचालक अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः बसले आणि जबाबदारी अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन यशस्वी झालं, तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला कलामांना पाठवलं.

कट्ट्यावरचा | सोमवार, दुपारी १:२०

आलंच! दर शिक्षकदिनाला, दर फॉरवर्डमध्ये, दर लोणावळ्याच्या ट्रेनिंगमध्ये. गिअरबॉक्सराव, खरं सांगा, तिथेही दाखवलं ना?

गिअरबॉक्स | सोमवार, दुपारी १:२६

दुसऱ्या दिवशी, चहाच्या आधी. :)

उलटी_गिनती | सोमवार, दुपारी २:१०

शंभरदा ऐकली म्हणून गोष्ट जुनी होते, खोटी होत नाही. आणि त्यातला जो भाग फॉरवर्डमध्ये बहुतेक वेळा गळतो तो महत्त्वाचा. त्या दिवशी संगणकाने गिनती थांबवली होती. तज्ज्ञांशी बोलून उड्डाण पुढे न्यायचा निर्णय कलामांचा होता, हे त्यांनी स्वतः भाषणांत सांगितलंय. म्हणजे धवनांनी ज्याला पाठीशी घातलं तो आकाशातून पडलेल्या संकटाचा बळी नव्हता. त्याने ठरवलं होतं आणि ते चुकलं होतं. बिनचूक माणसाच्या मागे कुणीही उभं राहतं हो.

लॉगइन_हमाल | सोमवार, रात्री ११:४८

आयटीतला हमाल बोलतोय. आमच्याकडे हीच गोष्ट उलटी चालते. रिलीज फसलं की मेलमध्ये "टीमकडून चूक झाली", क्लायंट खूश झाला की "मी ड्राइव्ह केलं".

पण एक लीड होती. रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की पहिलं वाक्य ठरलेलं, "क्लायंटचा कॉल मी घेते. तुम्ही तिघं वेगळ्या कॉलवर जा, तिकडे मी कुणाला येऊ देणार नाही." दर अर्ध्या तासाने एकच प्रश्न विचारायची, "अजून कोण हवंय?" कधी होईल, हे एकदाही विचारलं नाही. होणार तेव्हाच होणार हे तिला माहीत होतं, कारण ती स्वतः त्यातून गेली होती. ती सोडून गेली त्या वर्षी आमच्यातले चौघं तिच्या मागोमाग गेले.

पांढरी_टोपी | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळी करून आत्ता घरी आले, झोपायच्या आधी लिहिते. (आयडी टोपीचा, टोपी आता वापरात नाही.)

वरचे सगळे साहेब गोड आहेत. माझ्या इनचार्ज सिस्टर अजिबात गोड नव्हत्या. वॉर्डात त्यांची चप्पल वाजली की नातेवाईकसुद्धा कॉटवरून उठायचे. औषधाच्या कपाटाची मोजणी एका अँप्यूलने चुकली तरी हँडओव्हर पुढे सरकायचा नाही. मला दोनदा सगळ्यांसमोर बोलल्या आहेत आणि ते मला अजून आवडलेलं नाही.

तरी त्यांच्या वॉर्डातून बदली मागितलेली मुलगी मला आठवत नाही. कारण त्यांच्या टेबलाच्या खणात एक लाल वही होती. गेल्या दिवाळीला रात्रपाळी कुणी केली, गौरीला सुट्टी कुणाला मिळाली नव्हती, ३१ डिसेंबरला कोण होतं, सगळं त्यात, पाच-सहा वर्षांचं. ड्युटी लिस्ट लावताना ती वही उघडी असायची, कुणीही बघावी. "सिस्टर, या वर्षी मला जमेल का?" म्हटलं की वही आपल्याकडे फिरवायच्या. आपणच बघायचं आणि गप्प बसायचं. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री वर्षाआड त्यांचं स्वतःचं नाव असायचं.

नंतर एक फार प्रेमळ इनचार्ज आल्या. सगळ्यांना "बाळा" म्हणायच्या. जी जाऊन रडेल तिला सुट्टी. सहा महिन्यांत वॉर्डात दोन गट पडले. गिअरबॉक्स भाऊ, प्रेमळ व्हायच्या आधी वही करा.

लेटमार्क | मंगळवार, सकाळी १०:०५

आमच्या साहेबांकडेही वही आहे. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा खलास. साहेब स्वतः साडेअकराला येतात, पण वही त्यांच्या आधी आलेली असते. ;)

मोडी_वाचक | मंगळवार, दुपारी १२:३०

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र आठवलं. सगळ्यांना त्यातला रयतेला त्रास न देण्याचा भाग माहीत असतो. मला मात्र उंदीर आठवतो. रात्री दिवा जळता ठेवू नका, पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग घोडी जगणार कशी, असं त्या पत्रात आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार डोक्यावर असलेला माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो.

कट्ट्यावरचा | मंगळवार, दुपारी १२:४१

दादा, महाराजांना एमबीएच्या वर्गात बसवू नका, हात जोडतो. शिवाय प्रत्येक दिवा-वात बघणाऱ्या साहेबाला आम्ही खाली "किरकिऱ्या" म्हणतो.

मोडी_वाचक | मंगळवार, दुपारी १:१५

पहिल्या वाक्याशी सहमत. दुसऱ्याशी नाही, कारण किरकिऱ्या नुसता हुकूम सोडतो. पत्रात प्रत्येक हुकमामागे कारण आहे. दाणा-गवत आत्ता मनाला येईल तसं उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेकडून ओरबाडाल, आणि रयत म्हणेल याच्यापेक्षा मोगल बरे. वाचणाऱ्याला शेवटपर्यंत साखळी दाखवली आहे. "मी सांगतो म्हणून कर" असं नाही. धागाकर्त्याला हवी ती सवय हीच : काम सांगताना कारणही सांगायचं.

मिड_ऑन | मंगळवार, दुपारी ३:५०

अवांतर, पण राहवत नाही. फेब्रुवारी १९७१, किंग्स्टन. पहिला दिवस पावसात गेला. भारत ३८७ (सरदेसाई २१२, आमचा मडगावचा!), वेस्ट इंडिज २१७. आघाडी १७०. सगळ्यांच्या डोक्यात फॉलोऑनला (समोरच्याला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला) २०० ची आघाडी लागते हे पक्कं. पण पहिला दिवसच धुतल्यामुळे कसोटी चार दिवसांची धरली जाते आणि तिथे १५० पुरतात. आपला कप्तान वाडेकर त्यांच्या कप्तानाकडे, सोबर्सकडे गेला आणि फॉलोऑन देतोय म्हणून सांगून आला. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकाभर विंडीजच्या मनात ते राहिलं. मालिका आपण १-० ने जिंकली.

सवय : नियमांचं पुस्तक स्वतः वाचणे.

कट्ट्यावरचा | मंगळवार, दुपारी ३:५८

वाडेकर स्टेट बँकेत होते. म्हणजे खतावणी ताईंच्या मॅनेजरच्याच जातकुळीतले. नऊने भाग जातो का बघितलं असणार.

खतावणी | मंगळवार, दुपारी ४:३०

मी दुसऱ्या बँकेतली हो. आमच्याकडे कॅरमचे चँपियन होते.

मिड_ऑन | मंगळवार, दुपारी ४:३६

सरदेसाईंच्या त्या मालिकेतल्या धावा ६४२ आणि तरी लोकांना फक्त गावस्करच्या ७७४ आठवतात. यावर वेगळा धागा काढू का?

वाचतोय_फक्त | मंगळवार, दुपारी ४:४०

काढा, पण इथे नको.

खेडकर_मामा | मंगळवार, रात्री ८:२५

चाकण म्हणजे आमचा खेड तालुका. गिअरबॉक्स, तुम्ही आमच्या गावाकडचेच निघालात.

माझे मामा मुंबईत डबेवाल्यांचे मुकादम होते. मुकादम म्हटलं की लोकांना वाटतं खुर्चीवर बसून हुकूम सोडणारा. मामा सत्तरीला टेकेपर्यंत स्वतः डबे वाहायचे. गटातला एखादा गावी गेला, आजारी पडला की त्याची घरं मामांच्या वाट्याला. त्यासाठी गटातल्या प्रत्येकाची लाईन त्यांना पाठ, कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद असते इथपर्यंत. महिनाअखेरीस गटाची कमाई खर्च वजा करून वाटायची, मामांचा हिस्सा बाकीच्यांएवढाच. सिक्स सिग्माचं (चुका जवळजवळ शून्यावर आणायच्या मोजपट्टीचं) त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, "डबा दुपारच्या आत पोचला पाहिजे, एवढं मला माहीत आहे."

पण एक सांगतो. तेच मामा कुणी दारू पिऊन आला की त्याच दिवशी घरी पाठवायचे. भाचा असला तरी. (भाचा मीच होतो. एकोणीस वर्षांचा. पुढचं विचारू नका.)

श्टुटगार्टची_सून | मंगळवार, रात्री ११:०२

जर्मनीतून. इथे आमच्या ऑफिसात बॉसला सरळ "तू" म्हणतात, मला सहा महिने लागले ते तोंडात बसायला. पहिल्या वर्षी मी मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे. एकदा बॉस म्हणाला, तुझं "हो पटलं" कुठलं आणि "हो ऐकलं" कुठलं हे मला कळत नाही.

त्यानंतर त्याने माझ्यासाठी काही वेगळं केलं नाही, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो नेहमी सगळ्यात शेवटी बोलतो. सगळ्यात नव्या माणसापासून सुरुवात करतो. पुण्यातल्या माझ्या आधीच्या ऑफिसात साहेब आधी मत सांगायचे आणि मग "मोकळेपणाने बोला" म्हणायचे. बोलणार काय, कपाळ?

लॉगइन_हमाल | मंगळवार, रात्री ११:१५

अनुमोदक. आणि ते "मोकळेपणाने बोला" म्हटल्यावर जो पहिला बोलतो तो अप्रायझलला कळतो.

गिअरबॉक्स | बुधवार, दुपारी ४:२०

सगळं दोनदा वाचलं. खतावणी ताई आणि पांढरी_टोपी ताई, तुमचं तर बायकोलाही वाचून दाखवलं.

आता खरं दुखणं सांगतो, ज्यासाठी धागा काढला होता आणि लिहायची लाज वाटत होती. माझा एक मित्र आहे, माझ्याच बॅचचा. माझ्या लग्नात पाव्हण्यांची व्यवस्था त्याने बघितली. थर्ड शिफ्टला तो वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येतो, आठवड्यातून तीन-चारदा. रिलिव्हर (पुढच्या शिफ्टचा माणूस) आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे सेकंड शिफ्टचा ऑपरेटर अडकतो. मी त्याला म्हणतो, "थांब रे जरा, येईलच." तो थांबतो. मित्राला काही बोललो तर "झालास का साहेब?" ऐकावं लागेल, आणि रजिस्टरला नोंद केली तर मैत्री संपली. काय करू?

लेटमार्क | बुधवार, दुपारी ४:३१

या विषयावर मी तज्ज्ञ आहे. उशीर करणाऱ्याच्या बाजूने. नोंद करू नका.

मिड_ऑन | बुधवार, दुपारी ५:०५

चहाला घेऊन जा, शांतपणे बोला. मित्र आहे, समजेल.

गेट_सभा | बुधवार, रात्री ९:५०

मी एकोणतीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीत. इनचार्ज झालेल्या माणसाला आम्ही "फुटला" म्हणायचो, त्यामुळे माझं म्हणणं कोणत्या बाजूने येतंय ते आधीच सांगून ठेवतो.

गिअरबॉक्स, तुमच्या आख्ख्या प्रतिसादात मित्र आहे, तुम्ही आहात, मैत्री आहे, लाज आहे. सेकंड शिफ्टचा ऑपरेटर एका ओळीत आला आणि गेला. त्याची बस किती वाजता सुटते?

गिअरबॉक्स | बुधवार, रात्री १०:०२

सव्वाअकराला.

गेट_सभा | बुधवार, रात्री १०:२०

म्हणजे आठवड्यातून तीन रात्री तो माणूस आठ तास उभा राहून झाल्यावर हायवेला येऊन सहाआसनी शोधतो. घरी पोचायला एक वाजत असेल. पदरचे पैसे जातात ते वेगळेच. तुम्ही मित्राला जी सवलत देता ती तुमच्या खिशातली नाही, त्याच्या खिशातली आहे. त्याने तक्रार केली नाही, कारण तुम्ही दोघं मित्र आहात हे आख्ख्या शॉपला माहीत आहे. युनियनमध्ये असताना आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत "साहेब कडक आहे" ही फार कमी असायची. "साहेबाचा माणूस आहे" ही रोज असायची.

चहाला न्या, जरूर न्या, पण आधी त्या दुसऱ्याला विचारा किती वाजता घरी पोचतो. मग मित्राला एकट्याला गाठून एकदाच सांगा, बसची वेळ सांगून. त्यानंतर उशीर झाला की नोंद. आणि तो येईपर्यंत मशीनवर तुम्ही उभे राहा, सेकंडवाल्याला बसला जाऊ द्या. सेटर होता ना तुम्ही?

पांढरी_टोपी | गुरुवार, सकाळी ७:३०

गेट_सभा काका, दंडवत. मीही हेच लिहिणार होते, पण वॉर्डात सकाळपर्यंत पाणी प्यायला वेळ मिळाला नाही.

खेडकर_मामा | गुरुवार, सकाळी ८:१५

घरी पाठवलेल्या भाच्याकडून एक. दोन महिने मामांशी बोललो नाही. गटातला दुसरा एकजण त्या दिवशी माझे डबे वाहून जेवायचा राहिला होता, हे मला वर्षभराने कळलं. मामांनी सांगितलं नाही, त्यानेच सांगितलं.

कट्ट्यावरचा | गुरुवार, सकाळी १०:४०

मी आलो होतो टवाळी करायला. सहाआसनीवर गप्प झालो. असो. दूरदृष्टीवर कुणीच काही लिहिलं नाही हे लक्षात आलं का?

उलटी_गिनती | गुरुवार, सकाळी ११:३०

माझ्या आयडीला शोभेल असं लिहितो. दिल्ली मेट्रोच्या कामावर श्रीधरन यांनी उलटी घड्याळं लावली होती, काम पूर्ण व्हायला किती दिवस उरले ते दाखवणारी. हेच गृहस्थ तरुणपणी १९६४ च्या चक्रीवादळानंतर पांबनचा रेल्वे पूल ४६ दिवसांत उभा करणारे, आणि नंतर आपल्या कोकण रेल्वेचे. दूरदृष्टी म्हणायची तर ती अशी, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना एकाच भिंतीवर दिसणारी.

श्टुटगार्टची_सून | गुरुवार, दुपारी २:१८

आमच्याकडे तसं घड्याळ लावलं तर कामगार परिषद आधी घड्याळाची परवानगी विचारेल. दिवे घ्या.

गिअरबॉक्स | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:३०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

सेकंडच्या ऑपरेटरला विचारलं. आधी "काही नाही साहेब, चालतंय" म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, तो राजगुरुनगरच्याही पुढून येतो. एका रात्री दीड वाजला होता. काकांचा अंदाज अर्ध्या तासाने कमी पडला.

मित्राशी पार्किंगमध्ये बोललो. उशिराचं कारण काही मोठं नव्हतं, जेवून पडला की डोळा लागतो. "झालास का साहेब?" हे वाक्य आलंच, पाठ असल्यासारखं. मी म्हटलं, हो. नंतर तो दोनदा उशिरा आला, दोन्ही नोंदी केल्या, दोन्ही वेळा मशीनवर मी उभा राहिलो. दुसऱ्या वेळी माझ्या हातून सेटिंग हललं आणि तीन पीस रिजेक्ट गेले, तेही रजिस्टरला माझ्याच नावाने लिहिले. ते बघून शॉपमध्ये बरेच जण हसले. मित्रही हसला, पण माझ्याकडे न बघता.

गेले दहा दिवस वेळेवर येतोय. डबा मात्र वेगळ्या टेबलावर खातो. त्याच्याकडची शेंगदाण्याची आमटी मिस करतो, खोटं कशाला बोलू.

आणि एक. परवा मित्र आला तेव्हा सेकंडच्या ऑपरेटरने जाताना मशीनवर नवीन टूल लावून, पहिला पीस काढून, मोजून ठेवला होता. ते त्याचं काम नव्हतं. मी काही बोललो नाही, तोही नाही. बस पकडायला पळत गेला.

पांढरी_टोपी | रविवार, सकाळी ११:०५

आणि वही?

गिअरबॉक्स | रविवार, सकाळी ११:१२

केली. लाल मिळाली नाही, निळी आहे. रविवारचा ओव्हरटाइम कुणाला किती ते लिहायला घेतलं, तर पहिल्याच पानावर माझ्या मित्रांची नावं जास्त निघाली.

कट्ट्यावरचा | रविवार, सकाळी ११:२०

माझा प्रश्न राहिलाच. तुम्ही वेळेवर घरी जाता का?

गिअरबॉक्स | रविवार, सकाळी ११:२४

नाही हो. सकाळी सातला सुटायचं, पण हँडओव्हर रजिस्टर लिहायला पाऊण तास जातो. माझी बस रोज चुकते.